कायाओच्या खिडकीतले कुत्रे

१

मॅब्ली बापाला विसरली तर?

एवढ्याशा प्रश्नानं मेइनिरच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. तशी ती गावातल्याच शाळेत शिक्षिका. लहान मुलांची स्मरणशक्ती या विषयावर कॉलेजात भलाथोरला निबंध लिहून तिनं शाबासकीही मिळवलेली. पण उशीत तोंड खुपसून पडलेल्या बाईला निबंध कुठे आठवतात? तिला आठवत होता तो मॅब्लीचा कालचा चेहरा. गेथिन फोनच्या पडद्यावर हसत होता, हात हलवत होता, आणि त्याची चिमुरडी लेक त्याच्याकडे बातम्या सांगणाऱ्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

गेथिन समुद्राच्या तळाशी केबल टाकणाऱ्या जहाजावर इंजिनिअर. हिवाळा सरता सरता गेला होता, आता जून लागला होता. मॅब्ली झाल्यापासून इतके दिवस तो कधी लांब राहिला नव्हता.

सकाळी पुन्हा फोन आला.

"मॅब्ली, बघ कोण आहे!" मेइनिरनं फोन दुधाच्या भांड्याला टेकवून उभा केला.

मॅब्लीनं चमचा तोंडातच ठेवून एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"राणीसाहेब, जरा इकडे लक्ष द्या की," गेथिन म्हणाला.

"मी लापशी खातेय."

"खा बाई, खा. लापशीपुढे बापाला कोण विचारतो!" तो मोठ्यानं हसला. हसून झाल्यावर त्यानं कान खाजवला. काही मनाला लागलं की तो कान खाजवतो, हे मेइनिरला लग्नाआधीपासून माहीत होतं.

"दाढीमुळे असेल रे," ती घाईघाईनं म्हणाली. "अस्वल दिसतोयस नुसता."

"शनिवारी गुळगुळीत होऊन येतो. दुपारी दारात हजर. बँड तयार ठेवा."

बँड खरोखरच तयार होता.

२

शनिवारी पोर्थ कादवानचा उत्सव होता. गावातल्या दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर बांधलेलं शेवटचं जहाज ज्या दिवशी पाण्यात ढकललं, तो दिवस. गाव नुसतं पिसाटलं होतं. वरच्या चॅपेलवाले आणि खालच्या चॅपेलवाले, जे एरवी एकमेकांच्या मयतीलाही हातचं राखून रडतात, ते एकाच शिडीवर चढून पताका बांधत होते. चुन्याच्या जुन्या भट्टीला मुलांनी रंगीत कागदांनी मढवलं होतं. आणि मेइनिरनं, नको नको म्हणता म्हणता, गावाच्या इतिहासावर बोलायचं कबूल केलं होतं.

इतिहास म्हणजे तरी काय, दारांवरची नावं. अर्धं गाव जोन्स आणि उरलेलं अर्धं जोन्सांचे जावई, म्हणून माणसं ओळखायची ती घरावरून. आणि घराला नाव जहाजाचं, नाहीतर ज्या बंदरानं त्या घराला चार पैसे दाखवले त्या बंदराचं. मेइनिरचं घर कायाओ. कुठल्याशा कॅप्टननं पेरू देशातल्या कायाओ बंदरातून खत आणून आणून बांधलेलं. तेव्हापासून त्यात राहील तो कायाओ. "मेइनिर कायाओचं बिस्किटांचं पीठ बसलं म्हणे," अशी बातमी बंदरापर्यंत पोचायला पीठ बसायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे.

मंगळवारी वर्तमानपत्राची फोटोग्राफर आली. चटपटीत पोरगी होती. पुढच्या खोलीत शिरल्या शिरल्या टाळीच वाजवली तिनं. "अगंबाई, काय कुत्रे आहेत!"

खिडकीच्या रुंद फळीवर दोन कडांना चिनी मातीचे दोन कुत्रे बसलेले. पांढरे, तांबूस कानांचे, गळ्यात सोनेरी साखळी, आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या खोलीतल्या बाईंचा भाव. घराबरोबरच आलेले. गावातल्या खूप खिडक्यांत अशी जोडी असते. घरचा माणूस समुद्रावर असला की त्यांची तोंडं समुद्राकडे, माणूस घरी आला की आत. गेथिन यायचा तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी तो मॅब्लीला उचलून घ्यायचा आणि दोघं मिळून कुत्रे वळवायची.

"पण ह्यांच्या पाठीच दिसतायत मला," पोरगी म्हणाली. "जरा आत वळवता?"

मेइनिरनं वळवले. छान फोटो निघाले. मग चहा झाला, गप्पा झाल्या, शाळेतून फोन आला. कुत्रे तसेच राहिले.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या बोळातून आवाज आला. टक्, टक्. काचेवर नखानं मारावं तसा.

पाइप तापत असतील, मेइनिरच्या मनात आलं. मग लक्षात आलं की जूनमध्ये हीटर बंद असतो.

ती बोळात गेली तर मॅब्ली चवड्यांवर उभी राहून भिंतीवरच्या पितळी बॅरोमीटरकडे बघत होती. तोही घराबरोबर आलेला. काच पिवळी पडलेली, काटा कायमचा 'वादळ'वर अडकलेला.

"तू वाजवलंस होय?"

"माझा हात कुठे पोचतो?" मॅब्ली म्हणाली. "असं दोनदा करायचं, मग सुई उठते. रोज उठल्यावर करायचं."

"कोणी सांगितलं तुला?"

"डॅडानं."

मेइनिर मटकन जिन्याच्या पायरीवर बसली आणि लेकीला तिनं इतकं घट्ट धरलं की मॅब्ली गुदमरून ओरडली. आठवतंय! पोरीला बाप आठवतोय! निबंधात तेच तर लिहिलं होतं, लहान वयातली आठवण आतल्या आत दडून बसते आणि एखाद्या वासानं, आवाजानं वर येते. रात्रभर फुकट जीव जाळला. तिनं तिथूनच गेथिनला फोन लावला.

"ऐक ना! तिनं तुझं नाव काढलं! तू तिला बॅरोमीटरवर टकटक करायला शिकवलं होतंस ना?"

पलीकडे वारा घोंघावत होता. "कुठला बॅरोमीटर? तो बोळातला? मेइनिर, मी आजवर हातसुद्धा लावला नाही त्याला. बंदच आहे तो."

"अरे, शिकवलं असशील. विसरला असशील."

"असेन," तो म्हणाला. त्याच्याही आवाजात आनंद होता. "डॅडा म्हणाली? खरंच?"

फोन ठेवून ती उठली. जाता जाता तिनं काचेकडे पाहिलं. काटा 'वादळ'वर नव्हता. 'स्वच्छ हवा'वर होता, आणि अजून बारीकसा थरथरत होता.

स्प्रिंग सुटली असेल, मेइनिरला वाटलं. पण तिच्या छातीत काहीतरी उड्या मारत होतं. भीती नव्हती ती. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर पोटात होतं तसं काहीतरी.

४

"काय गं, गेथिन आला वाटतं?" समोरच्या घरातून आंटी ओल्वेननं रस्त्यापलीकडूनच आवाज दिला. आंटी ओल्वेन नात्यानं कोणाचीच आंटी नव्हती, म्हणून अख्ख्या गावाची होती. "आला आणि मला कळवलं नाहीस!"

"नाही हो आंटी, शनिवारी येतोय."

"मग तुझे कुत्रे काय झोपेत कूस बदलून बसले?"

मेइनिरनं जीभ चावली. धावत आत जाऊन तिनं कुत्र्यांची तोंडं समुद्राकडे केली आणि खिडकीतूनच आंटीला सलाम ठोकला.

त्या संध्याकाळी तिनं मॅब्लीला विचारलं, "डॅडा आणखी काय काय करायचा गं?"

"कोण?" मॅब्ली म्हणाली. चेहरा कोरा. परीक्षेत न येणारा प्रश्न आल्यासारखा.



सकाळी पुन्हा टक्, टक्. आणि पुढच्या खोलीत कुत्रे आत बघत होते.

खिडकीपाशी छोटं स्टूल होतं. मॅब्लीच चढली असणार, दुसरं कोण? स्टूलावर चढून दोन जड कुत्रे न फोडता वळवायचे, हे तिच्या वयाला जरा अतीच होतं. पण मुलं काय काय करतात. आणि मॅब्ली तर कशी खुलली होती! न्याहारी होईपर्यंत तोंडाला खळ नाही. डॅडाला चहात साखर जास्त लागते. डॅडाच्या खिशात दोरी असते. डॅडानं गाठ शिकवली. तिनं गाऊनच्या पट्ट्याला झटकन एक गाठ मारून दाखवली. सुबक, घट्ट, सोडवताना मेइनिरचं नख मोडलं.

मेइनिर कुत्र्यांसमोर उभी राहिली. हात पुढे केला. मागे घेतला.

काय झालं तिला कोण जाणे. दोन दिवसांवर गेथिन आला होता. पोरीच्या तोंडात बापाचं नाव होतं. कुत्रे असेच राहिले तर कोणाचं काय बिघडणार होतं?

दुपारी चॅपेलच्या मागच्या खोलीत बायका मनुका घातलेल्या पावाचे काप करत होत्या. हसण्यानं छत उडायची पाळी आली होती. आंटी ओल्वेनची सुरी मात्र थांबली.

"तुझे कुत्रे अजून आतच बघतायत, मेइनिर कायाओ."

"मॅब्लीचे उद्योग आंटी. मी ठेवलेत तसेच. बापाची आठवण काढते त्यानं."

"फाजील शिकलेली आहेस," आंटी म्हणाली. "आम्ही हात लावला तर आई लाटण्यानं सोलायची."

"का पण?" मेइनिरचे डोळे चमकले. हे शनिवारच्या भाषणात घालायला काय बहारदार होईल! "सांगा ना, का?"

"का म्हणजे? बाहेर बघतात तोवर घर वाट बघतं. आत बघायला लागले की घराचं वाट बघणं संपलं." तिनं पाव पुन्हा कापायला घेतला. "मग जो आला, तो आला."

"म्हणजे कोण?"

"ते मी बघायला गेले नाही," आंटी म्हणाली. "आणि तूही जाऊ नकोस. लोणी दे इकडे."

५

शुक्रवारी शाळेतून आल्यावर मेइनिर स्वयंपाकघरात सूप ढवळत होती. भाषण मनातल्या मनात घोकत होती आणि मधूनच स्वतःशी हसत होती. उद्या गेथिन! उद्या बँड! खिडकीतून दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं.

पुढच्या खोलीत खुर्ची करकरली.

ती जुनी हातांची खुर्ची. मॅब्ली बसली तर ती करकरत नाही. मेइनिर बसली तर जेमतेम.

मग मॅब्लीचा आवाज. "उद्या खूप झेंडे लागणारेत."

गप्प.

"हो, बोटीपण."

पुन्हा गप्प. कोणीतरी सावकाश, शब्द जुळवत बोलेल, तेवढाच वेळ. मग मॅब्ली खुदकन हसली.

पळीवरून सूप ओघळून मेइनिरच्या मनगटावर आलं तरी तिला कळलं नाही. मुलं एकटी बोलतात, तिनं स्वतःला बजावलं. शाळेत रोज बघतेस. खुर्ची लाकडी आहे, लाकूड उन्हानं वाजतं. सगळं बरोबर होतं, आणि तरी ती बोळातून भिंतीला धरून, पावलांचा आवाज न करता चालली होती. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, तिला पळून जावंसं वाटत नव्हतं. तिला बघायचं होतं. आयुष्यभर तिनं या गावाचा इतिहास कागदावरून शिकवला होता.

तिनं दार ढकललं.

मॅब्ली गालिच्यावर बसली होती. खुर्ची रिकामी होती. खुर्चीतली उशी खोलवर दबलेली होती आणि मेइनिरच्या डोळ्यांदेखत हळूहळू, सुस्कारा सोडत, वर आली.

नवा फोम आहे, मेइनिर म्हणाली. फोम असाच वर येतो. हे ती मोठ्यानं बोलली होती, कारण मॅब्लीनं "हो," म्हटलं.

खोलीत जुन्या जहाजांना फासायचे तसल्या डांबराचा वास होता.

त्या क्षणी मात्र तिची सगळी मजा सरली. तिनं कुत्रे उचलले, तोंडं समुद्राकडे करून आदळलेच जवळजवळ, आणि तळाशी शाळेतली चिकटमाती दाबून दाबून बसवली.

"त्याला राग येईल," मॅब्ली म्हणाली.

"कोणाला?"

"डॅडाला. तो आलाय ना आता."

६

शनिवारी असं ऊन पडलं की आंटी ओल्वेननंसुद्धा कोट काढला. बँड सुरात होता, म्हणजे गावाच्या मानानं. मेइनिर गोट्यांच्या उंचवट्यावर उभी राहून बोलत होती, आणि काय बोलत होती! एकेका जहाजात पाद्रीबुवांपासून धोबिणीपर्यंत कसा सगळ्यांचा हिस्सा असायचा, जहाज बुडालं की अख्खी गल्ली कशी बुडायची. लोक हसत होते, टाळ्या देत होते. कालची सगळी भीती उन्हात विरघळून गेली होती. निघताना तिनं कुत्रे तपासले होते. बाहेर बघत होते. मॅब्ली घरासमोर आंटीच्या पायरीवर सुरक्षित होती. आणि गेथिन कुठल्याही क्षणी येणार होता.

बोलता बोलता तिनं वर चढावरच्या घराकडे पाहिलं.

पुढच्या खोलीच्या खिडकीत दोन पांढऱ्या पाठी होत्या. त्यांच्यामध्ये एक माणूस उभा होता. काचेवर ऊन असल्यामुळे चेहरा दिसत नव्हता. गडद कोट, रुंद खांदे. त्याच्या हातावर मॅब्ली बसली होती आणि बोट दाखवून त्याला झेंडे दाखवत होती.

"गेथिन!" मेइनिर किंचाळलीच. लोक हसायला लागले. "माझा नवरा आला! माफ करा हं, माझा नवरा आला!"

"पळ पळ! पाव आम्ही संपवतो!" कोणीतरी ओरडलं, आणि बँडवाल्यानं मुद्दाम ढोल बडवला. ती पळत सुटली. कशाला घाबरत होतीस गं, मूर्ख बाई! तो लवकर आला, कुत्रे वळवले, पोरीला उचललं, झालं. कडेवर बसली होती त्याच्या! ओळखलं तिनं!

अर्ध्या चढावर फोन वाजला.

"अगं, टेकडीच्या वरच गाड्या अडवल्यात तुमच्या मिरवणुकीनं," गेथिन धापा टाकत म्हणाला. "मी चालतच उतरतोय. वरून सगळे झेंडे दिसतायत. मॅब्ली कुठाय? दे तिला."

मेइनिरनं वर पाहिलं. खिडकीत आता कोणी नव्हतं.

आंटी ओल्वेन आपल्या पायरीवर एकटीच चहा पीत बसली होती.

"आंटी, मॅब्ली?"

"गेथिननं नेली ना आत. दारातच उभा होता, पाठमोरा. मी हाक मारली तर मेल्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही." आंटीनं जाड चष्मा नाकावर वर केला. मेइनिरचा चेहरा तिला आता दिसला असावा. तिनं कप खाली ठेवला. "गेथिनच होता ना गं?"

७

दार उघडं होतं.

मॅब्ली बोळात उभी होती, अंगाखांद्यावर एक ओरखडाही नाही, आणि आनंदानं नुसती फुलून आली होती. मेइनिरनं तिला ओढून पोटाशी धरलं. फ्रॉकची एक बाजू ओली होती. खारट वास येत होता. पुढची खोली रिकामी होती. जिन्यावरच्या गालिच्याची पहिली पायरी ओली होती. दुसरीही. वर दिसतील तेवढ्या सगळ्या.

जावं? वर जावं? पोरीला घेऊन पळावं? तिचे पाय दोन्हीकडे जाईनात.

"अहो कायाओ!" दारात उजेड अडला. गेथिन. गुळगुळीत दाढी, उन्हानं लाल झालेलं नाक, खांद्यावर बॅग, आणि टेकडी उतरून आलेला दम. जिवंत, घामेजलेला, तिचा. मेइनिरला रडू आणि हसू एकदमच फुटलं. तिनं त्याची बाही पकडली ती सोडेचना.

"काय गं, एवढं काय?" तो हसला. मग बॅग टाकून गुडघ्यांवर बसला आणि हात पसरले. "राणीसाहेब? ओळखलंत का आम्हाला?"

मॅब्लीनं त्याला केसांपासून बुटांपर्यंत नीट न्याहाळलं.

"हो," मॅब्ली म्हणाली. "तुम्ही फोनमधले डॅडा."

गेथिन असा हसला की बोळ दणाणला. त्यानं तिला उचलून गोल फिरवलं, तिनं फिरवू दिलं, शहाण्या मुलीसारखे हात त्याच्या खांद्यावर ठेवले. मेइनिरही हसत होती, डोळे पुसत होती. वर त्यांच्या झोपायच्या खोलीत पलंग करकरला, कोणीतरी बूट काढायला बसल्यासारखा.

खाली ठेवल्यावर मॅब्ली आईजवळ आली, तिचं डोकं खाली ओढून घेतलं आणि पाहुण्याला ऐकू जाऊन वाईट वाटू नये म्हणून अगदी कानाशी, काळजीनं विचारलं,

"ममा, पण मग हे कुठे झोपणार?"